पटले काकाजींची डावी सीट

पटले काकाजी गाडीत बसायच्या आधी डावं दार उघडतात. उघडून बाजूला उभे राहतात. एखादी बाई पदर सावरून आत बसायला जेवढा वेळ घेईल, तेवढा वेळ थांबतात. मग किंचित वाकून विचारतात, "पाय घेतले का आत?" आणि दार हळूच लोटतात. आपटत नाहीत. त्या दारातून आत कोणीच बसलेलं नसतं.

मी गोंदियात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. "बाईमाणूस काय गाडी शिकवणार" म्हणणाऱ्या अर्ध्या शहराला मीच क्लच सोडायला शिकवलं आहे, तेव्हा मी सहजासहजी घाबरत नाही. ऐन रेल्वे फाटकात शिकाऊ माणसानं गाडी बंद पाडलेली जिनं निभावली, तिच्यापुढं भूत म्हणजे काय चीज आहे! तरीपण सांगते, पटले काकाजींनी पहिल्या दिवशी ते दार लोटलं तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

दिवाळी झाली होती, धान कापून निघाला होता. ते माझ्या स्कूलच्या दुकानात आले ते खांद्यावर एक भलीमोठी लांब बॅग घेऊन. खिशात मोजायची टेप. साठी उलटलेली, अंगानं वाळलेले, शर्टाची वरची गुंडी गळ्याशी लावलेली.

"गाडी शिकाची आहे," ते म्हणाले. "लवकर शिकाची आहे."

"बॅगेत काय आहे, काकाजी? बंदूक?"

"गोल्फ."

"गोल्फ? गोंदियात?"

"नाई जी. दवनीवाड्यात," ते म्हणाले. जसं काही गोल्फ नाही तर भेदरं-टमाटे विकायला चालले आहेत.

मग कळलं. पटले काकाजी मूळचे दवनीवाड्याचे. जन्म गेला तिकडं छत्तीसगडात, एका मोठ्या कारखान्याच्या कॉलनीत. तिथं ते स्टोअरला होते. बोल्टापासून बॉयलरच्या नळीपर्यंत जे काही आत येईल ते मोजून घ्यायचं आणि जे बाहेर जाईल ते मोजून द्यायचं, हीच नोकरी. रिटायर झाले, गोंदियात आमच्याच मोहल्ल्यात घर बांधलं, आणि वर्ष व्हायच्या आत बायको गेली. लेकरूबाळ नाही. घरात थोरली विधवा बहीण, फुलवंताबाई, आणि ते. एवढं मला ठाऊक होतं. बायकोला मात्र मी कधी पाहिलेलं नव्हतं.

"गाडी कायले पायजे, तर ही बॅग न्याले," ते म्हणाले. "बॅग आडवी राह्यली पायजे. उभी नाई. प्रॅक्टिकल बोला ना जी, कोनती गाडी घेऊ?"

"प्रॅक्टिकल बोला ना जी" हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यालाही तेच, पुजाऱ्यालाही तेच. मी म्हटलं, काकाजी, आधी चालवायला शिका, मग घ्या. ते हो म्हणाले, बाहेर आले, आणि माझ्या शिकवायच्या गाडीचं मागचं डावं दार उघडून उभे राहिले. मला वाटलं बहीण येऊन राहिली असेल. मी रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर एक गाय होती, बस्स.

"पाय घेतले का आत?" काकाजींनी विचारलं. दार लोटलं. आणि येऊन स्टेअरिंगवर बसले.

मी इन्स्ट्रक्टर, पुढच्या डाव्या सीटवर, माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. म्हणजे जे कोणी बसलं होतं ते बरोबर माझ्या पाठीमागं. आता मला सांगा, अशा वेळी माणूस काय करेल? मी मागं वळून पाहिलं. सीट रिकामी. मग काकाजींनी आरसा धरला आणि वळवला. आरशात मागची काच दिसायला पाहिजे, मागून येणारे ट्रक दिसायला पाहिजेत. यांनी तो वळवला डाव्या सीटवर.

"काकाजी, आरशात मागची गाडी दिसली पाहिजे."

"मागं कोन बसलं थे दिसून राहिलं ना जी," ते शांतपणे म्हणाले. "पुरे झालं."

त्यानंतर त्यांनी पहिला गिअर टाकला.  मी माझा पाय ब्रेकवर तयार ठेवला.

माणूस शिकला मात्र झकास. टेपवाल्याचा डोळा! गल्लीत समोरून ट्रॅक्टर आला की लांबूनच सांगायचे, "हात दोन हात जागा राहते, जाऊ द्या." आणि तेवढीच राहायची. वळणावर वेग इतका कमी करायचे की मागून स्कूटरवाले शिव्या घालत जायचे. मी म्हणायची, अहो, जरा दाबा. ते आरशात पाहायचे आणि म्हणायचे, "हेलकावा लागते." कोणाला लागते ते मी विचारलं नाही. काही प्रश्न दिवसा उजेडीसुद्धा विचारू वाटत नाहीत.

पण माझ्या धंद्यावर पाणी पडायची वेळ आली, ती त्या नर्सिंगवाल्या पोरीमुळे. काकाजींचा तास झाला की तिचा तास. एकदा ती लवकर आली, म्हणून मी म्हटलं बस मागं, काकाजींना घरी सोडून तुझा तास घेऊ. ती बसली मागच्या डाव्या सीटवर. काकाजींनी आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला, जसं कोणी भरल्या ताटावर बसलेल्याला उठवावं तसा.  बाजारापर्यंत गेलो असू, पोरगी म्हणते, "मॅडम, एसी कमी करा ना, मला थंडी वाजून राहिली."

आमच्या गाडीचा एसी कधीचा मेलेला आहे. बाहेर ऊन होतं. काच बंद होती.

"तू सरक तिकडं," मी म्हटलं. ती उजवीकडं सरकली. थंडी गेली म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं सकाळची वेळ बदलून घेतली, आणि पूर्ण हॉस्टेलला सांगितलं ते वेगळंच. माय वो! नंतर नंतर माझ्याकडं शिकायला येणारे आधी मागं डोकावून पाहायचे.

लायसन आलं आणि गाडीची शोधाशोध सुरू झाली. काकाजी एकटे जायला तयार नाहीत. "तुम्हाले गाडीची समज आहे," म्हणाले. म्हणून मी सोबत. प्रत्येक शोरूममध्ये वरात तशीच जायची: पुढं मी, मागं खांद्यावर बॅग घेऊन काकाजी, आणि काकाजींच्या बाजूला एका माणसापुरती मोकळी जागा. ती जागा सोडूनच ते चालायचे. काचेच्या दारातून जाताना आधी दार धरून उभे राहायचे, मग स्वतः शिरायचे. वॉचमन पाहतच राहायचा.

सेल्समन पोरं सगळी हिंदीत. "सर, इस में तो पूरा क्रिकेट का किट आ जायेगा!"  काकाजी डिक्की उघडायचे, टेप काढायचे. पोरगा सांगायचा, सर, इतने लिटर का बूट स्पेस है. काकाजी म्हणायचे, "लिटरनं दूध मोजतेत जी. बॅग आडवी राहते का उभी, थे सांगा. प्रॅक्टिकल बोला."

आणि त्यांचं खरं होतं, हेही मी सांगते. मी इतकी वर्षं गाड्यांत आहे, पण डिक्कीकडं या डोळ्यानं कधी पाहिलं नव्हतं. एक लांब नाकाची गाडी होती, तिची डिक्की विहिरीएवढी खोल, पण तोंड एवढंसं. बॅग तिरपी घालावी लागायची, आणि त्यातली सगळ्यात लांब काठी दिव्याला टेकायची. दुसरी छोटी गाडी होती, तिच्यात मागची सीट पाडल्याशिवाय बॅग जाईच ना. काकाजी म्हणाले, "सीट पाडली तं मानूस कुठं बसंल?" तिसरी गॅसवाली. डिक्की उघडली तर आत सिलिंडर पाय पसरून झोपलेलं. "हा आधीच येऊन बसला आहे," काकाजी पोराला म्हणाले, "बॅग का मांडीवर घेऊ?"

मग एक उंच, थोराड गाडी. पोराला ती खपवायचीच होती. बॅग आडवी मावली, वरती अजून एक मावली असती. मी म्हटलं, झालं बाप्पा एकदाचं! काकाजींनी बॅग बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली, पुन्हा काढली. म्हणाले, "उंबरठा उंच आहे. बॅग छातीपर्यंत उचलावी लागते. खांदा दुखते तिचा."

पोरगा म्हणाला, "किस का, सर?"

काकाजींनी डावं दार उघडलं, थांबले, कान दिल्यासारखी मान वाकडी केली. मग दार लोटलं. "नाई जमत मनते," म्हणाले, आणि बॅग खांद्यावर टाकून चालू पडले. एसीच्या गार हॉलमध्ये तो पोरगा घामानं भिजला होता. मला बाजूला घेऊन विचारतो, "मॅडम, कौन बोली?" मी काय सांगू, माझं डोंबल?

सात सीटवाली एक गाडी तेवढी त्यांनी लवकर नाकारली. मागच्या दोन ओळी पाहिल्या, टेपसुद्धा काढली नाही. "एवढ्या जागा कोनासाठी जी?" एवढंच म्हणाले.

मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा राग यायचा थांबला. तोवर यायचा, खोटं कायले बोलू. माझे तास बुडत होते, आणि हे गृहस्थ हवेला विचारून गाड्या नापास करत होते. मी ठरवलं, त्यांच्या बहिणीशीच बोलायचं.

फुलवंताबाई ओसरीत सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. काकाजी दवनीवाड्याला गेले होते, बसनं, बॅगेसकट. बाजूला भिंतीशी एक सुटी काठी टेकवलेली होती, लोखंडी पात्याची. मी सहज उचलली, पोरं क्रिकेटमध्ये धरतात तशी धरली, आणि मला काही ती धरता येईना. पातं उलट्या बाजूला. मी हात बदलले तेव्हा बसली.

"मावशी, काकाजी डावखुरे आहेत का?"

"नाई वो. थे तिची आहे," फुलवंताबाई म्हणाल्या. "सारंच तिचं आहे. हा कदी खेरला? हा बॅग उचले."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. कॉलनीत साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं. स्टोअरकीपरची बायको तिथं कायले जाईल? पण ही कुंपणापाशी उभी राहून पाहायची. एक डावखुरी मेमसाहेब बदली होऊन गेली, ती जाताना आपला जुना संच हिला देऊन गेली, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हाताला लागणारच नव्हता. आणि बाई खेळायला लागली! साहेबांच्या बायकांच्या बरोबरीनं. एकदा स्टीलचा प्याला जिंकून आणला, त्याच्यात या घरात अजून साखर असते. पण मैदान लांब, घरी स्कूटर. ती मागं बसायची खांद्यावर बॅग घेऊन, खड्ड्या-खड्ड्याला बॅग खांद्यावर आदळायची. रात्री खांद्याला तेल चोळायची आणि म्हणायची, एक गाडी घ्या ना, बॅग आडवी राह्यली पायजे बस्स. आणि हे म्हणायचे, "प्रॅक्टिकल बोल. दोन मानसं, एक बॅग, स्कूटर पुरते."

मी हातातली काठी जिथल्या तिथं ठेवून दिली.

"आता दार कायले उघडते, मावशी? त्यांना खरंच वाटते का ती आहे म्हणून?"

फुलवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. आमच्या भागात माणूस गेलं की दहाव्याला, जिथं जीव गेला त्या जागी पीठ पसरतात, वर टोपली झाकतात, बाजूला दिवा ठेवतात. सकाळी टोपली उचलून पाहतात, पिठावर कशाचं पाऊल उमटलं. पाखराचं, गाईचं, लेकराचं. ज्याचं पाऊल, त्याच्या जन्माला गेलं म्हणतात. काकाजींच्या घरी टोपली उचलली तर पिठात एक गोल खळगा. भावकीतले म्हातारे एकमेकांकडं पाहायला लागले. कोणी म्हणे रुपया, कोणी म्हणे हरणाचा खूर, एक जण म्हणे हत्तीचं पिल्लू. काकाजी गुडघ्यावर बसले, डोळा लावून पाहिलं. खळग्यात बारीक बारीक टिंबं होती. उठले, आतून गोल्फचा पांढरा गोळा आणला, त्या खळग्यात ठेवला. बरोबर बसला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

"मीनंच टेकवला थो गोटा," फुलवंताबाई हळूच म्हणाल्या. "दहा दिवस याच्या पोटात अन्न नोहोतं, बाई. पानी पाजलं तं ओठावरून खाली ये. मले वाटलं, हाही जाते. मंग पहाटे टोपली उचलली, गोटा दाबला, टोपली झाकली. तं हा उठून बसला. मनते, तिले खेराचं आहे, तिच्यासाठी गाडी पायजे. आता त्याले कसं सांगू? तू सांगजो नको, तुले माझी शपथ आहे."

"मग आता?"

"आता वर्षी आली ना. वर्षीले तिले पितरात मिरवतेत. एकदा पितरात मिरली की थे साऱ्यांची झाली, याची एकट्याची नाई राहत. त्याच्या आंदी तिले गाडीत बसवून आपल्या धानाच्या बांधीवर, शेतात, न्याचं आहे त्याले. तिनं सांगितलं होतं, आपल्या बांधीत एक गोटा मारीन मनून. मनून एवढी घाई."

वर्षी म्हणजे वर्षश्राद्ध, त्या दिवशी गेलेल्याला पितरांत मिळवतात; ती पुढच्याच आठवड्यात होती. मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशीचे सगळे तास कॅन्सल केले.

गाडी मिळाली ती अशा शोरूममध्ये जिथं आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. उंच टपाची, डब्यासारखी गाडी. दिसायला अगदीच साधी. पण मागचं दार वरपर्यंत उघडायचं, उंबरठा गुडघ्याएवढा, आणि मागची सीट अर्धी पडायची. काकाजींनी टेप लावली. बॅग सरकवली. आडवी, सपाट, कुठंही न टेकता गेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पुढचं डावं दार उघडलं. "पाय घेतले का आत?" लोटलं.

ते स्टेअरिंगवर, मी आणि सेल्समन मागं. पुढची डावी सीट रिकामी. गाडी सुरू झाली, शोरूमच्या फाटकाबाहेर निघाली.

टिंग. टिंग. टिंग.

समोर लाल दिवा लागला. बाजूच्या सीटवरच्या माणसानं पट्टा लावला नाही म्हणून गाडी ओरडत होती. नव्या गाड्यांत सीटखाली वजन कळायची सोय असते, वजन पडलं की ती पट्टा मागते. मला माहीत आहे, शिकवते मी लोकांना. पाण्याचा कॅन ठेवला तरी वाजते. पण सीटवर कॅन नव्हता. रुमालसुद्धा नव्हता.

"सर, सीट पे कुछ रखा है क्या?" पोरानं पुढं वाकून हात फिरवला. हात फिरवला आणि चटकन मागं घेतला. टिंग. टिंग. टिंग.

काकाजींनी गाडी बाजूला घेतली. डाव्या हातानं पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा आणला, जपून, जसं कोणाला चिमटा बसू नये तसा, आणि खटकन लावला.

आवाज बंद झाला. 

"हेच," काकाजी म्हणाले.

शोरूमवाल्यांनी हातापाया पडायचं बाकी ठेवलं. सर, डिफेक्ट असेल, दुसरी देतो, याच रंगाची देतो. मिस्त्रीनं सीट उचकून पाहिली, वायर तपासली, मशीन लावलं. म्हणाला, काही खराबी नाही. त्याच्यासमोर मात्र एकदाही वाजली नाही. काकाजी म्हणाले, "या गाडीले हात लावू नोका." अख्ख्या गोंदियात खराब निघालेला नग मागून घेणारा हा एकच गिऱ्हाईक असेल.

वर्षीच्या आदल्या दिवशी आम्ही दवनीवाड्याला गेलो. काकाजी चालवत होते, पुढची डावी सीट पट्टा लावून, मी मागं. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. धान कापलेल्या बांध्या कोरड्या पडल्या होत्या, ठसाठस धसकटं, आणि तलावाकडून धुकं सरकत येत होतं. लांब कुठंतरी सारसाची जोडी ओरडली. काकाजींनी बॅग काढली, एका बांधीच्या मधोमध नेऊन उभी केली. गोळा ठेवला. एक काठी काढली, रुमालानं पुसली, आणि मूठ पुढं करून उभे राहिले. घे म्हणून. समोर धुकं आणि धुऱ्याच्या बांधावरची तुरीची झाडं.

गावातले दोघंतिघं रस्त्यावर सायकली थांबवून पाहत होते. त्यातला एक मला म्हणाला, "नाटकाची तालीम होय का जी?" आमच्या या नाटकवेड्या झाडीपट्टीत माणूस रिकाम्या शेतात हात पुढं करून उभा असेल तर तो नाटकातलाच असणार. मी म्हटलं, हो. ते गेले.

बराच वेळ काकाजी तसेच उभे होते. मला थंडी वाजायला लागली, आणि खरं सांगते, रडूही यायला लागलं. मी जवळ गेले.

"काकाजी, चला आता. अंधार पडेल."

"मॅडम," ते म्हणाले, मूठ तशीच पुढं, "तुम्हाले आमच्या फुलवंताबाईनं सांगितलं ना? पिठाचं?"

मी शपथेत अडकलेली. मी पायाखालची धसकटं पाहत राहिले.

"मले पहिल्या दिवशीच मालूम होतं. स्टोअरला जन्म गेला माझा. गोट्याच्या बाजूले बोटाचे ठसे होते ना पिठात. अंगठा आन दोन बोटं. बाईच्या अंगठ्याले कापल्याचा वण आहे, थोही उमटला होता."

"मग हे सगळं? दार, गाडी, हे?"

"थो हात मेलेल्याचा नोहोता, मनून का झालं," ते म्हणाले. "जित्त्या मानसाचा होता ना जी. सत्तरीची बाई पहाटे उठून माझ्यासाठी पीठ दाबते, तं मी जेवाले नोको का?" त्यांनी काठी परत पुसली. पुसायला तिच्यावर काहीच नव्हतं. "आन दाराचं मनाल, तं ती होती तवा मी एकदाही उघडलं नाई. दारच नोहोतं, स्कूटर होती. आता उघडून पाहतो. बसली तं बसली. नाई बसली तं आपलं का जाते? प्रॅक्टिकल बोला."

मी बॅगेवरचं धसकट झटकलं. 

"पन थे टिंग टिंग," ते जरा वेळानं म्हणाले, "थे बाईनं नाई केलं. थे कोनं केलं, मले नाई समजलं."

त्यांनी वाकून गोळा उचलला, खिशात टाकला, आणि बॅग आडवी ठेवून दिली.  परत निघताना लाल दिवा लागला, काकाजींनी पट्टा लावला, दिवा विझला.

वर्षी झाली. भावकी जेवून गेली. पितरात मिळवायचा विधी झाला तेव्हा काकाजी पाटावर ताठ बसले होते, एकदाही डोळे पुसले नाहीत, असं फुलवंताबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी सकाळी ते माझ्या दुकानासमोर गाडी घेऊन आले. आमगावला नातलगांकडं जायचं होतं, मोठ्या रस्त्यानं पहिल्यांदाच, म्हणून मॅडम सोबत पाहिजे. धुकं इतकं की समोरचं पानठेल्याचं बोर्ड दिसत नव्हतं. मी मागं बसले. काकाजी खाली उतरले, वळसा घालून गेले, डावं दार उघडलं. थांबले. "पाय घेतले का आत?" लोटलं. येऊन बसले. डावीकडचा पट्टा सुटाच होता. किल्ली फिरवली. गाडी जरा पुढं घेतली.

काहीच वाजलं नाही.

त्यांनी गाडी थांबवली. लाल दिव्याच्या जागेकडं पाहत राहिले. परत जरा पुढं घेतली, परत थांबले. इंजिन चालू होतं, वायपर नुसताच इकडून तिकडं जात होता.

"मिरली जी पितरात," ते म्हणाले. "चांगलं झालं." मग परत, "चांगलं झालं." आणि गिअरवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. तो हात परत गिअरवर काही जाईना.

मी गाडी शिकवणारी बाई. गाडी अडली की काय करायचं ते मला येतं: क्लच, न्यूट्रल, पुन्हा सुरू. पण हे असं अडलेलं मला सोडवता येईना. त्यांचा पाठमोरा टकलू माथा, वरच्या गुंडीत आवळलेली मान, ती रिकामी सीट. मला सहन होईना. मी दोन सीटांच्या मधून हात घातला, पुढच्या डाव्या सीटवर पंजा ठेवला, आणि सगळं वजन टाकून दाबला.

टिंग. टिंग. टिंग.

काकाजींनी माझ्या हाताकडं पाहिलं नाही. तो त्यांच्या कोपराला लागून होता, बांगड्या वाजत होत्या, तरी पाहिलं नाही. समोरच्या धुक्याकडं पाहत राहिले. मग डावा हात लांब केला, पट्टा ओढला, माझ्या मनगटावरून आडवा नेला आणि खटकन लावला. आवाज थांबला.

"हात काढून घ्या, मॅडम," ते म्हणाले. "दुखंल."

मी हात काढून घेतला. त्यांनी पहिला गिअर टाकला. गाडी सोडायच्या आधी एकदा थांबले, मान जराशी डावीकडं वळवली, आणि विचारलं, "पाय घेतले का आत?"

"घेतले जी," मी मागून म्हटलं. "चला आता."